स्कॅन केलेल्या चित्राची दुरुस्ती: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी, पैठणीच्या पदराचे नमुने आलेख कागदावर मांडणारे कारागीर आणि सुटीच्या दिवशी वेरूळ किंवा दौलताबादला बसून रेखाटने करणारे हौशी चित्रकार अशा सर्वांनाच हल्ली कधी ना कधी आपले काम स्कॅन करून कुठेतरी पाठवावे लागते. दिवाळी अंकाला चित्र हवे असते, स्पर्धेचे अर्ज संगणकावरून भरायचे असतात, किंवा छापखान्यातून ‘फाइल पाठवा’ असा निरोप येतो. स्कॅन उघडून पाहिले की बहुधा निराशा होते. कागद मळकट राखाडी दिसतो, आकाशाचा फिकट निळा वॉश (पातळ रंगाचा थर) जवळजवळ नाहीसा झालेला असतो, पेन्सिलीच्या गडद छटा फिक्या पडलेल्या असतात आणि चित्रभर काळे ठिपके विखुरलेले असतात.

यांतले बहुतेक दोष घरच्या साध्या संगणकावर दूर करता येतात. या लेखात उदाहरणांसाठी गिंप हे सॉफ्टवेअर घेतले आहे, कारण ते विनामूल्य आहे, १९९६ पासून विकसित होत आले आहे आणि २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या त्याच्या ३.० आवृत्तीत नवशिक्यांना उपयोगी पडतील अशा काही सोयी वाढल्या आहेत. फोटोशॉप, क्रिता किंवा ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपी यांपैकी काही वापरत असाल, तरी साधनांची नावे थोड्याफार फरकाने तीच आढळतील. मात्र काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. पडद्यावरचे चित्र हातातल्या चित्रासारखे दिसावे, एवढाच या दुरुस्तीचा हेतू आहे. मूळ चित्राहून अधिक झळाळी आणण्याच्या नादात जलरंगांचा हळुवारपणा हमखास मारला जातो, म्हणून दुरुस्ती चालू असताना मूळ चित्र सतत शेजारी ठेवावे, तेही पिवळ्या दिव्याखाली नव्हे, तर खिडकीतून येणाऱ्या पण थेट ऊन नसलेल्या उजेडात.

स्कॅन करतानाच घ्यायची काळजी

सॉफ्टवेअरमध्ये जे दोन तास खर्च होतात, त्यांतला मोठा भाग स्कॅनरजवळ दहा मिनिटे नीट दिली तर वाचतो. मराठवाड्यात चैत्र-वैशाखातल्या वाऱ्याबरोबर येणारी बारीक धूळ दारे-खिडक्या बंद असतानाही घरात शिरते आणि स्कॅनरच्या काचेवर बसते. काच मायक्रोफायबरच्या कोरड्या फडक्याने पुसावी. डाग चिकट असेल तर फडके किंचित ओले करावे. काचेवर थेट फवारा मारू नये, कारण द्रव कडेने आत उतरतो आणि काचेच्या आतल्या बाजूने डाग धरतो. चित्रावरची खोडरबराची भुकटी मऊ ब्रशने झटकावी, हाताने पुसू नये, नाहीतर पेन्सिल पसरते.

स्कॅनरच्या प्रोग्रॅममध्ये ‘ऑटो’ या शब्दाने सुरू होणारे सगळे पर्याय बंद करावेत: ऑटो एक्स्पोजर, ऑटो कलर, आपोआप होणारे शार्पनिंग आणि धूळ काढणारा पर्यायही. धूळ काढणाऱ्या पर्यायाला धुळीचा कण आणि पेनाने मुद्दाम दिलेला ठिपका यांतला फरक कळत नाही. ठिपक्यांच्या छायांकनातून वेरूळचा एखादा स्तंभ उभा केला असेल, तर त्याच्या अर्ध्या छटा हा पर्याय गिळून टाकतो.

रिझोल्यूशन किती ठेवावे, हा नेहमीचा प्रश्न आहे. मूळ आकारातच छापायचे असेल तर ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) पुरते. दुप्पट मोठे छापायचे असेल किंवा बारीक दुरुस्ती करायची असेल तर ६०० घ्यावे. ए-फोर आकाराचे चित्र ३०० डीपीआयला २४८० × ३५०८ पिक्सेलचे होते आणि ६०० ला ४९६० × ७०१६ पिक्सेलचे. ही दुसरी फाइल रंगीत असेल, तर न दाबता साधारण १०० एमबी जागा घेते आणि कमी मेमरीचा जुना संगणक तिच्यापुढे हळू चालतो. १२०० डीपीआयचा मोह शाईच्या बारीक रेषांपुरताच ठेवावा. जलरंगाच्या खरखरीत कागदावर त्यातून कागदाच्या तंतूंखेरीज फारसे काही हाती लागत नाही. फाइल टिफ किंवा पीएनजी स्वरूपात घ्यावी. जेपेग प्रत्येक वेळी जतन करताना थोडा तपशील गमावते, त्यामुळे ते स्वरूप अगदी शेवटी, पाठवण्याच्या प्रतीसाठीच वापरावे.

कागद पातळ असेल आणि मागच्या बाजूचे काम पुढे दिसत असेल, तर त्याच्या पाठीशी काळा कागद ठेवून स्कॅन करावे. सगळा कागद किंचित गडद येतो, पण तो नंतर सहज उजळता येतो; मागची रेषा मात्र नंतर पुसणे फार कटकटीचे असते. जलरंगाने कागदाला लाट आली असेल, तर तो आधी एक-दोन दिवस जड पुस्तकांखाली दाबून सपाट करावा. घरगुती ऑल-इन-वन प्रिंटरमध्ये बहुधा सीआयएस पद्धतीचा स्कॅनर असतो आणि काचेपासून जरा उचललेला भाग त्यात लगेच अस्पष्ट होतो. सीसीडी पद्धतीचे थोडे जाड आणि महाग स्कॅनर ही लाट बरीच सहन करतात. शहरातल्या एखाद्या डीटीपी सेंटरमध्ये तसा स्कॅनर असेल, तर महत्त्वाच्या चित्रासाठी तिथवर जाणे परवडते.

पाव इम्पिरियल कागद, म्हणजे १५ × ११ इंचांचा, ए-फोर स्कॅनरवर मावत नाही. पण त्याची ११ इंचांची बाजू काचेच्या लांबीत बसते, त्यामुळे तो दोन भागांत स्कॅन होतो आणि दोन्ही भागांत दोनेक इंचांचा समान पट्टा मिळतो. येथे एक नियम पाळावा. कागद फक्त सरकवावा, उलटा फिरवू नये. स्कॅनरचा उजेड एका बाजूने पडत असल्यामुळे कागदाच्या पोताच्या सूक्ष्म सावल्या ठरावीक दिशेला पडतात. एक भाग उलटा ठेवून स्कॅन केला तर या सावल्या उलट होतात आणि जोड कितीही जुळवला तरी डोळ्यांना खटकतो. दोन्ही वेळा एक्स्पोजरही सारखेच हवे, म्हणूनच ‘ऑटो’ बंद करण्याचा वर आग्रह धरला. जोडकाम आपोआप करायचे असेल तर फोटोशॉपमध्ये फोटोमर्ज आहे आणि विनामूल्य पर्याय म्हणून हगिन आहे. गिंपमध्ये वरच्या लेयरची (चित्राच्या वरच्या थराची) पारदर्शकता निम्म्यावर आणून, दोन भाग हाताने जुळवून, लेयर मास्कवर (थराचा नको तो भाग झाकणाऱ्या पडद्यावर) मऊ ब्रशने जोड बुजवता येतो. त्यासाठी संयम लागतो, पण निकाल चांगला मिळतो.

मूळ स्कॅनला हात लावायचा नाही

स्कॅन झाल्यावर त्या फाइलची प्रत काढावी, मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि पुढचे सर्व काम प्रतीवर करावे. गिंपमध्ये उघडल्यावरही पहिली कृती म्हणजे लेयरची दुसरी प्रत तयार करणे. खालचा लेयर तसाच राहू द्यावा म्हणजे डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून केव्हाही आधीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहता येते. ३.० आवृत्तीत बहुतेक फिल्टर मूळ पिक्सेल न बदलता लेयरवर वेगळे बसतात आणि नंतर त्यांची मूल्ये पुन्हा बदलता येतात. फोटोशॉपमध्ये हेच काम ॲडजस्टमेंट लेयर करतात.

परत फिरण्याची वाट मोकळी ठेवणे का आवश्यक असते, हे अजिंठ्याने फार मोठी किंमत देऊन दाखवले आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे प्रतिकृती करणाऱ्यांनी रंग उठावदार दिसावेत म्हणून भित्तिचित्रांवर वॉर्निशचे थर दिले. ते थर काळाच्या ओघात पिवळे-तपकिरी पडले आणि ते काढण्याची खटपट पुढे विसाव्या शतकातही करावी लागली. आपल्या हाती निदान फाइलची प्रत काढण्याची सोय आहे.

काम करताना गिंपचे स्वतःचे एक्ससीएफ स्वरूप वापरावे, कारण त्यात सर्व लेयर टिकतात. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या गावी यूपीएस नसेल, तर प्रत्येक टप्प्यानंतर फाइल जतन करण्याची सवय लावून घ्यावी.

चित्र सरळ करणे

कागद काचेवर थोडा तिरका ठेवला जातोच. मेझर हे साधन घेऊन चित्राच्या चौकटीच्या किंवा कागदाच्या कडेवरून एक रेषा ओढावी आणि ‘स्ट्रेटन’ हे बटण दाबावे. फिरवण्याचे काम एकदाच करावे, कारण प्रत्येक फिरवणीत पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि रेषा किंचित मऊ पडते. त्यानंतर क्रॉप करावे, पण कडेला थोडा कागद राखावा. चित्रकाराची सही कडेला असते आणि छापखान्यालाही कापणीसाठी थोडी जागा लागते.

लेव्हल्स: खरे काम इथे आहे

रंगांच्या मेनूतील ‘लेव्हल्स’ उघडले की डोंगररांगेसारखा एक आलेख दिसतो. डाव्या टोकाला काळा, उजव्या टोकाला पांढरा. ज्या छटेचे पिक्सेल जास्त, तिथे उंचवटा मोठा. कागदावरच्या चित्रात सर्वांत मोठा उंचवटा उजवीकडे असतो आणि तो कागदाचा असतो. तो अगदी उजव्या टोकाला न राहता थोडा अलीकडे थांबलेला असतो, म्हणूनच कागद राखाडी दिसतो. आलेखाखालचा पांढरा त्रिकोण डावीकडे सरकवला की कागद उजळू लागतो.

नवशिका नेमका येथेच चुकतो. पांढरा त्रिकोण उंचवट्याच्या उजव्या पायथ्याशी थांबवला तर कागद स्वच्छ होतो आणि त्याचा पोतही टिकतो. तो उंचवटा ओलांडून डाव्या पायथ्यापर्यंत नेला तर कागद शुभ्र होतो, पण कागदापेक्षा जेमतेम गडद असलेले सगळे काही त्याच्याबरोबर नाहीसे होते. समजा, दौलताबादच्या किल्ल्याचे जलरंगातील दृश्य आहे. किल्ल्याचा काळा कातळ आणि चांद मिनारची सावली कशीही टिकेल, कारण त्या छटा आलेखात खूप डावीकडे आहेत. मार्च महिन्यातले धुरकट आकाश मात्र पाण्यात जेमतेम निळा मिसळून मारलेले असते आणि ते कागदाच्या उंचवट्याच्या डाव्या उतारावरच बसलेले असते. त्रिकोण तिथवर नेला की आकाश गेले. पॉइंटरची माहिती दाखवणारी खिडकी उघडी ठेवून कोऱ्या कागदावर कर्सर फिरवावा. ० ते २५५ या मोजणीत कागद २४५ ते २५० च्या आसपास असला की पुरे. २५५ हा आकडा जिथे दिसतो, तिथे तपशील संपलेला असतो आणि नंतरच्या कोणत्याही दुरुस्तीने तो परत येत नाही.

डावीकडचा काळा त्रिकोण आलेख जिथून उठतो तिथवर आणावा. जलरंगात आणि पेन्सिलीत शुद्ध काळा क्वचितच असतो, म्हणून त्यापुढे जाऊ नये. मधला त्रिकोण मधल्या छटांसाठी आहे. तो उजवीकडे नेला की चित्र गडद होते आणि डावीकडे नेला की उजळते. स्कॅनमध्ये फिक्या पडलेल्या २बी-४बी पेन्सिलीच्या छटा परत आणायच्या असतील तर काळ्यापेक्षा या मधल्या त्रिकोणावर अधिक भिस्त ठेवावी.

याच खिडकीत ड्रॉपरसारखी तीन चिन्हे असतात. त्यांतील राखाडी चिन्ह निवडून चित्रातील रंगहीन असायला हव्या अशा जागी क्लिक केले, तर संपूर्ण चित्रावरची निळसर किंवा पिवळसर झाक निघून जाते. हे साधन उपयुक्त आहे, पण हँडमेड कागदावर ते जपून वापरावे. कागद मुळातच सायीच्या रंगाचा असेल तर त्याची ऊब हा चित्राचाच भाग आहे. तो राखाडी ठरवून दुरुस्त केला की गेरू आणि पिवळी माती थंड पडतात.

यानंतर रंग पुन्हा मूळ चित्राशी ताडून पाहावेत. सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) वाढवण्याची पट्टी शक्यतो हलवू नये. एखादाच रंग चुकला असेल, उदाहरणार्थ कडुलिंबाची पोपटी पालवी पिवळट झाली असेल, तर ‘ह्यू-सॅच्युरेशन’मध्ये तेवढाच रंग निवडून किंचित फिरवावा. चमकत्या गुलाबी किंवा फ्लुओरेसंट पोस्टर कलरच्या बाबतीत मात्र फार धडपड करण्यात अर्थ नाही. ते रंग स्कॅनरला आणि पडद्याला मुळातच पूर्ण पकडता येत नाहीत.

शाईची रेखाटने आणि आलेख कागदावरील नक्षी

शाईच्या कामात वरचा सावधगिरीचा नियम सैल होतो. तिथे मधल्या छटा नसतातच, त्यामुळे पांढरा आणि काळा असे दोन्ही त्रिकोण धीटपणे आत ओढून कागद शुभ्र आणि रेषा गडद करावी. ‘थ्रेशोल्ड’ (प्रत्येक छटा पूर्ण काळी किंवा पूर्ण पांढरी करणारे साधन) वापरल्यास हेच काम एका झटक्यात होते, पण कमी रिझोल्यूशनवर रेषेच्या कडांना पायऱ्या पडतात, म्हणून लेव्हल्सच बरे.

रंगांच्या चॅनेलची, म्हणजे चित्रातील लाल, हिरवा आणि निळा हे घटक वेगळे पाहण्याची युक्ती येथे फार कामाला येते. जुना कागद पिवळा पडला असेल, तर लाल चॅनेलमध्ये तो सर्वांत पांढरा दिसतो, कारण पिवळा रंग लाल प्रकाश जवळजवळ पूर्ण परत पाठवतो. गिंपमध्ये रंगांच्या मेनूत ‘कॉम्पोनंट्स’खाली ‘एक्स्ट्रॅक्ट कॉम्पोनंट’ आहे. त्यात लाल निवडला की पिवळे डाग बरेचसे विरतात आणि काळी शाई तशीच राहते. नारिंगी किंवा तांबड्या रेघांच्या आलेख कागदावर आसावलीची वेल किंवा बांगडी मोर काळ्या शाईने मांडला असेल, तर याच कृतीने चौकडी फिकी होऊन नक्षी मोकळी होते. आधी फिक्या निळ्या पेन्सिलीने कच्चे रेखाटन केले असेल, तर निळा चॅनेल घ्यावा. त्यात ती पेन्सिल कागदात मिसळून जाते. नक्षी रंगीत असेल तर अर्थातच हा मार्ग बंद होतो आणि मग चौकडीसकट चित्र स्वीकारणे किंवा ट्रेसिंग करणे एवढेच उरते. विणकराला देण्याच्या नमुन्यात चौकडी काढूच नये. त्याला घरे मोजायची असतात.

धूळ, डाग आणि अंगठ्याचे ठसे

चित्र १०० टक्के आकारात पाहून डाव्या वरच्या कोपऱ्यापासून ओळीने खाली यावे, नाहीतर त्याच त्या जागा पुन्हा तपासल्या जातात आणि काही राहून जातात. ठिपक्यापेक्षा जरा मोठा ब्रश घेऊन हील हे साधन निवडावे, कंट्रोल दाबून शेजारच्या स्वच्छ जागेवर क्लिक करावे आणि मग ठिपक्यावर क्लिक करावे. हील शेजारचा पोत उचलते, पण रंग जागच्या रंगाशी जुळवून घेते, म्हणून मोकळ्या वॉशवर ते उत्तम चालते. रेषेला चिकटलेल्या डागावर मात्र हील रेषेचा काळेपणा पसरवते. तिथे क्लोन (शेजारचा भाग जसाच्या तसा उतरवणारे साधन) वापरावे. एकाच जागचा नमुना सतत उचलू नये, तीच ती खूण वारंवार दिसू लागते. वेगवेगळ्या स्कॅनमध्ये ठिपका त्याच जागी येत असेल, तर तो चित्रावर नसून काचेवर आहे, आणि काच पुसून पुन्हा स्कॅन करणे जलद पडते.

कोणता डाग काढावा आणि कोणता ठेवावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. जलरंग वाळताना उमटलेली कड किंवा ब्रशचा सुटा केस हा चित्राचा भाग मानून मी तो राहू देतो. चहाचा थेंब काढतो.

आकार, शार्पनिंग आणि पाठवणी

शार्पनिंग सर्वांत शेवटी, तेही आकार बदलून झाल्यावर करावे. ६०० डीपीआयचे स्कॅन ३०० वर आणायचे असेल तर ‘स्केल इमेज’ने आधी आकार कमी करावा, मग ‘शार्पन’ म्हणजेच अनशार्प मास्क उघडून त्रिज्या १ च्या आसपास आणि प्रमाण ०.५ पासून सुरुवात करावी. गिंप आपणहून ३ ही त्रिज्या सुचवते; रेखाटनाला ती बहुधा जास्त होते आणि रेषेच्या दोन्ही कडांना पांढरी झालर दिसू लागते. तशी झालर दिसली की मागे यावे. लहान आकाराचे चित्र मोठे करून शार्पनिंगने तपशील येईल, अशी आशा ठेवू नये. त्यापेक्षा मूळ चित्र पुन्हा स्कॅन करावे.

पाठवण्यासाठी गिंपमध्ये ‘सेव्ह’ नव्हे, तर ‘एक्स्पोर्ट’ वापरावे लागते. छपाईसाठी ३०० डीपीआयची टिफ किंवा पीएनजी, पडद्यासाठी एसआरजीबी रंगव्यवस्थेतील जेपेग, गुणवत्ता ९० च्या आसपास. व्हॉट्सॲपवर चित्र नेहमीच्या पद्धतीने फोटो म्हणून पाठवले तर ते दाबले जाते आणि एवढी मेहनत वाया जाते, म्हणून तेथे ‘डॉक्युमेंट’ हा पर्याय निवडून फाइल जोडावी.

मूळ स्कॅन आणि एक्ससीएफ फाइल यांची एक प्रत घरातील संगणकावर आणि दुसरी अन्यत्र, पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर ठेवावी. चित्रकार रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे अजिंठ्याला राहून केलेल्या मोठ्या तैलप्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी ते काम नव्याने केले आणि त्यांच्याही अनेक प्रती १८८५ मध्ये लंडनमध्येच साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातील आगीत जळाल्या. दोन्ही वेळा बराचसा संग्रह एकाच छपराखाली होता.

ऑफसेट छपाईसाठी फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या रंगव्यवस्थेत) बदलून देण्याची घाई करू नये. प्रत्येक छापखान्याची शाई, कागद आणि यंत्र वेगळे असते, त्यामुळे आरजीबी (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगव्यवस्थेतील) फाइल देऊन रूपांतर त्यांच्याकडेच करून घेणे बहुधा बरे. झगझगीत निळा आणि पोपटी हिरवा छपाईत थोडे मंदावणारच, हे आधीच गृहीत धरावे. सगळ्या प्रती काढण्यापूर्वी एक नमुना छापून मागावा, तो दिवसाच्या उजेडात मूळ चित्राशेजारी ठेवावा, आणि आकाश कागदात हरवले असेल तर छापखान्याला दोष देण्यापूर्वी आपली एक्ससीएफ फाइल उघडून लेव्हल्सचा पांढरा त्रिकोण कुठे थांबवला होता ते पाहावे.